गाडीला घाम येतो म्हणणाऱ्या पोरांसाठी ज्यांनी शाळाच अंगणात नेली, त्या ताराबाई मोडक

विरारहून सकाळची डहाणू लोकल. जुलै महिना, बाहेर धो धो पाऊस, खिडक्या बंद आणि डब्यात नेहमीची गर्दी. समोर आईच्या मांडीवर चारेक वर्षांचा पोरगा बसला होता. काचेवर आतून पाणी जमलं होतं. त्यात त्याने बोट फिरवलं आणि आईला सांगितलं की गाडीला घाम आलाय. इतकी पळतेय ना, म्हणून. आईने मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं की घाम नाही, पाऊस आहे तो. पोरगा गप्प झाला.

आता गंमत बघा. पाऊस काचेच्या बाहेर होता. आत जमलेलं पाणी डब्यात कोंबलेल्या माणसांच्या श्वासाचं आणि अंगाच्या वाफेचं होतं, गार काचेला लागून त्याचे थेंब झाले होते. म्हणजे घाम म्हणणारा पोरगा पाऊस म्हणणाऱ्या आईपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ होता.

मी त्या दिवशी निघाले होते कोसबाडला. डहाणू तालुक्यातली एक टेकडी. २०१३ पासून विरारची लोकल थेट डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे आपल्याला हे ठिकाण आता हाताशी आलंय. पण सत्तर वर्षांपूर्वी साठी ओलांडलेली एक बाई मुंबईतलं नाव आणि संस्था मागे ठेवून या टेकडीवर राहायला आली आणि शेवटपर्यंत याच भागात काम करत राहिली. लहान मूल बोलतं तेव्हा त्याला दुरुस्त करायच्या आधी ऐकून घ्या, हे सांगण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं. त्यांचं नाव ताराबाई मोडक. आज देशातल्या गावागावात जी अंगणवाडी दिसते ना, त्या कल्पनेचं मूळ ताराबाईंच्या कामात आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे. त्या काळात विधवेशी लग्न करायचं म्हणजे नातेवाईकांशी भांडण ओढवून घेणं, पण त्यांनी ते केलं होतं. ताराबाईंची आई उमाबाई म्हणजे त्याच. अशा घरात मुलीला शिकवायचं की नाही, असा प्रश्नच नव्हता. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बीए झाल्या.

पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी लग्न झालं. संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास लहान लेकीला घेऊन त्या वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकटी बाई, सोबत मूल. या काळावर सिनेमा निघेल, पण आपला विषय तो नाही, म्हणून पुढे जाऊ. राजकोटला मुलींच्या अध्यापन विद्यालयात त्यांना मुख्याध्यापिकेची नोकरी मिळाली. पगार चांगला, मान चांगला.

आणि ती नोकरी त्यांनी सोडली. का, तर भावनगरमध्ये एक वकील वकिली सोडून लहान मुलांची शाळा चालवत होता. गिजुभाई बधेका. १९२० मध्ये त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं होतं. तिथे छडी नव्हती, परीक्षा नव्हती, मुलांना जबरदस्तीने बसवणं नव्हतं. गिजुभाईंना लोक 'मूछाळी मा' म्हणायचे, म्हणजे मिशीवाली आई. मोठ्या माणसांनी एखाद्याला दिलेलं इतकं पोरकट आणि इतकं नेमकं नाव दुसरं सापडणं कठीण. १९२३ च्या आसपास ताराबाई तिथे दाखल झाल्या. शिकवायचं गुजराती मुलांना, आपण मराठी. त्यांनी गुजराती इतकी आत्मसात केली की पुढे गिजुभाईंच्या बरोबरीने गुजरातीत बालसाहित्य तयार केलं, लेख लिहिले, मासिक चालवलं. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. 'शिक्षण पत्रिका' गुजरातीत निघायची, १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती ताराबाई सांभाळू लागल्या.

इथपर्यंतची गोष्ट कुठेही वाचायला मिळेल. मला जास्त रस आहे तो एका वादात.

गिजुभाई आणि ताराबाई दोघेही मारिया माँटेसरींना मानणारे. मूल म्हणजे रिकामं मडकं नाही, ते स्वतः शिकतं, मोठ्यांनी मध्ये मध्ये करू नये, हे त्यांनी माँटेसरींकडून घेतलं. पण माँटेसरींचं एक म्हणणं होतं की सहा वर्षांखालच्या मुलाला पऱ्या, राक्षस, बोलणारे प्राणी वगैरे सांगू नयेत. त्याला आधी खरं जग द्यावं. मोठ्यांच्या डोक्यातली कल्पना मुलाच्या गळी उतरवली तर मूल कल्पना करत नसतं, ते फक्त विश्वास ठेवत असतं. या म्हणण्यात दम आहे, उगाच हसण्यावारी नेण्यासारखं ते नाही. बागुलबुवाच्या भीतीने रात्री बाथरूमला न जाणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिलीत. बरेच जण स्वतःच ती मुलं होतो.

तरीही भावनगरच्या बालमंदिरात गोष्टी राहिल्या. नुसत्या राहिल्या नाहीत, त्यांना मानाची जागा मिळाली. गिजुभाईंनी तर गोष्ट कशी सांगावी यावर १९२५ मध्ये 'वार्तानुं शास्त्र' नावाचं पुस्तक लिहिलं. लोकगीतं, नाच, नाटुकली, कोडी हे सगळं शाळेत आलं. साधनं माँटेसरींची आणि गोष्टी आजीच्या, असा तो मेळ होता. ताराबाईंनी हाच मेळ महाराष्ट्रात आणला.

हा वाद फक्त आपल्याकडे होता असंही नाही. साधारण त्याच काळात रशियात कोर्नेय चुकोव्हस्की नावाचा लेखक दोन ते पाच वर्षांच्या मुलांची वाक्यं गोळा करत होता. टकलू माणसाचं डोकं अनवाणी आहे, असं म्हणणाऱ्या मुलाची गंमत त्याच्यामुळेच जगाला कळली. आणि त्यालाही परीकथांच्या विरोधातल्या शिक्षणतज्ज्ञांशी भांडावं लागलं. तिथे तर सरकारच त्या बाजूला झुकलेलं.

आता मुलांच्या बोलण्याचं नेमकं काय होतं, ते जरा समजून घेऊ, म्हणजे ताराबाईंनी गोष्टी-गाण्यांचा हट्ट का धरला ते कळेल.

दीड वर्षाचं मूल मांजर, शेळी, म्हैस सगळ्यांनाच 'भू भू' म्हणतं. ही उपमा नव्हे. त्याच्याकडे तेवढाच शब्द आहे, तो ते पुरवून पुरवून वापरतंय. पण तीन वर्षांचं मूल केळं कानाला लावून हॅलो म्हणतं, तेव्हा त्याला पक्कं ठाऊक असतं की हे केळं आहे. बोलणं झालं की ते सोलून खाणार असतं. इथे भाषेत काहीतरी नवीन सुरू झालंय. एका वस्तूला दुसऱ्या वस्तूचं नाव मुद्दाम, खेळात, मजेसाठी दिलं जातंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलन विनर यांनी १९७० च्या दशकात लहान मुलांचं बोलणं तपासलं आणि हाच फरक दाखवला. मुलांचं असं बोलणं दरवेळी शब्द न सापडल्यामुळे होत नाही. बऱ्याचदा शब्द माहीत असूनही मूल दुसरा शब्द निवडतं.

मग कवी आणि मूल सारखेच का? नाही. मुलाची तुलना बहुतेक वेळा डोळ्याला आणि हाताला धरून असते. आकार, रंग, हालचाल. भाकरी म्हणजे चंद्र, शेवया म्हणजे केस, पळून दमलेली गाडी म्हणजे घाम. माणसाच्या स्वभावाबद्दलची रूपकं त्यांना उशिरा कळतात. 'गोड' हा शब्द तीन-चार वर्षांचं मूल लाडवाला लावतं. गोड मुलगी म्हटलं तर तिला चाटून पाहायचं का, असा प्रश्न पडू शकतो. १९६० मध्ये अ‍ॅश आणि नेर्लोव्ह या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. गोड, गार, कठीण, वाकडा असे शब्द मुलं आधी वस्तूंना लावतात, माणसांना लावायला बरीच वर्षं जातात.

आणि उलटीही गंमत आहे. आपण मोठे दिवसभर रूपकांत बोलतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या पायाला मुंग्या आल्या, असं मी एकदा म्हटलं तेव्हा माझ्या भाच्याने चादर उचलून मुंग्या शोधल्या होत्या. पोटात कावळे ओरडतात म्हटल्यावर पोटाला कान लावणारी मुलंही घरोघरी असतात. आपल्यासाठी ती वाक्यं झिजून गुळगुळीत झालेली असतात, मुलासाठी त्यातल्या मुंग्या अजून जिवंत असतात.

सगळ्यात चटका लावणारी बाब पुढे आहे. विनर आणि हॉवर्ड गार्डनर यांच्या कामात असं दिसलं की शाळेत गेल्यावर, साधारण आठ-दहा वर्षांच्या आसपास, मुलांचं हे बोलणं कमी होतं. मुलं शब्दशः अर्थाला चिकटतात, खडक कसा रागावेल म्हणून हुज्जत घालतात. नियम शिकण्याचं वयच असतं ते, त्यामुळे सगळा दोष शाळेला देता येणार नाही. पण जिथे बोललं की चूक काढली जाते, तिथे मूल आधी तोलून मापून बोलतं आणि मग बोलायचंच सोडतं. डब्यातला तो पोरगा पालघरपर्यंत परत बोलला नाही.

आता परत ताराबाईंकडे. भावनगर सोडून त्या मुंबईत आल्या. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झालं. मध्यमवर्गीय घरातली मुलं, नीटनेटकी साधनं, शिक्षिकांचं प्रशिक्षण. काम नावाजलं गेलं. १९३९ मध्ये खुद्द माँटेसरी भारतात आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, आणि शहरांत माँटेसरी शाळांची लाटच आली. ताराबाईंना त्या लाटेवर आरामात बसता आलं असतं. पण ती साधनं महाग. मोजून मापून केलेले लाकडी ठोकळे, दांडे, रंगपाट्या. गावातल्या मुलाचं काय? गांधीजींच्या नई तालीमचा विचार त्यांच्या डोक्यात होताच.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. बोर्डी म्हणजे समुद्र, सुरूची झाडं आणि चिकूच्या वाड्या. आपण तिकडे वीकेंडला जातो. पण ते साल लक्षात घ्या. १९४५ मध्येच डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. म्हणजे ज्या मुलांसाठी शाळा काढायची, त्यांच्यातल्या अनेकांचे आईबाप काल-परवापर्यंत सावकार-जमीनदारांच्या शेतात फुकट राबत होते. तिथे ५३ वर्षांच्या ताराबाई बालशिक्षण घेऊन गेल्या. सोबतीला होत्या पस्तिशीतल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी विधवा झालेल्या, शिक्षिका म्हणून काम केलेल्या. या दोघींची जोडी पुढे ताराबाई जाईपर्यंत टिकली.

केंद्र उघडलं, पण वस्तीतली मुलं आलीच नाहीत. कशी येतील? आई मजुरीला गेलेली, सात वर्षांची ताई कडेवर बाळ घेऊन घर राखणारी, मधली दोन मातीत खेळणारी. शाळेत जा म्हणून सांगायला घरात कोण होतं? दुसरा कोणी असता तर त्याने लोकांना शिक्षणाचं महत्त्व नाही म्हणून अहवाल लिहिला असता. ताराबाईंनी शाळाच उचलली आणि वस्तीत नेली. कोणाच्या तरी अंगणात. मुलं जिथे खेळत होती तिथेच बसायचं. आधी हातपाय धुवायचे, नखं कापायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. बालवाडी अंगणात भरली, म्हणून अंगणवाडी.

या शब्दापाशी मी जरा थांबणार आहे, कारण मला तो फार आवडतो. वसईपासून बोर्डीपर्यंतच्या किनाऱ्यावर 'वाडी' म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. केळीची वाडी, फुलांची वाडी, चिकूची वाडी. शिंपायचं, राखायचं, पण खेचून मोठं करायचं नाही. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या शाळेला मुलांची बाग म्हटलं, त्यातून किंडरगार्टन आलं. तीच कल्पना बालवाडी या शब्दात आहे, पण आपल्या मातीतल्या शब्दाने. तिला अंगण जोडल्यावर तर ती थेट झोपडीच्या दारात आली. मुलांच्या उपमा ऐकत राहिलेल्या माणसांनाच अशी नावं सुचत असावीत, असं आपलं मला वाटतं.

१९५७ मध्ये काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी पाड्यांच्या आणखी जवळ. इथे प्रश्न आणखी अवघड झाला, आणि तो भाषेचाही होता. वारली मुलांची बोली वेगळी. शाळेची मराठी म्हणजे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांची. पुस्तकात ज्याची उपमा द्यायची, ती वस्तूच मुलाने पाहिलेली नसेल तर? पावसाळी ढगाला कापसाच्या गादीची उपमा देऊन काय उपयोग, ज्याच्या घरात गादीच नाही? त्याच्याकडे उपमा नाहीत असं नाही, त्याच्याकडे दुसऱ्या आहेत. मोहाचं फूल, खेकड्याचं बीळ, ताडाची सावली, भाताची लोंबी, दुधी भोपळ्याचा तारपा. वारली चित्रात माणूस दोन त्रिकोणांचा होतो आणि तारप्याभोवती नाचणारी रांग गोल फिरत जाते. दोन त्रिकोणांत माणूस पाहणाऱ्या समाजातली पोरं उपमांना कशाला घाबरतील?

इथे ताराबाई आणि अनुताईंनी केलं ते असं. महागड्या साधनांच्या जागी आजूबाजूचं सामान आलं. चिंचोके, बिया, शंख-शिंपले, पानं, काटक्या, माती. मोजायचं त्याने, रंग ओळखायचे त्याने, खेळायचंही त्यानेच. याचा पैशांपलीकडे एक फायदा होता. शिंपल्याला मुलाच्या घरी आधीच नाव असतं, त्याच्याशी खेळ असतो, त्याची कधी ताटली होते, कधी होडी. लाकडी ठोकळा मुलाला शाळेत पहिल्यांदा भेटतो आणि बाई सांगतील तेवढाच तो असतो. ज्या वस्तू मुलाच्या बोलण्यात आधीपासून आहेत, त्याच शाळेत आल्या की मुलाची जीभ सुटते.

गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. तिचं नाव कुरणशाळा. बाळाला सांभाळणारी ताई येईना, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे ताईने बाळ पाळणाघरात ठेवायचं, मधल्याला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात बसायचं. त्या प्रयोगाला विकासवाडी म्हणतात. दरवेळी तेच. मूल शाळेत बसत नाही म्हटल्यावर शाळेचा आकार बदलायचा.

मधल्या काळात, १९४६ ते १९५१, ताराबाई मुंबई विधिमंडळातही होत्या. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. पण त्यांच्या पुस्तकांची नावं बघितली तर त्यांचं लक्ष कुठे होतं ते कळतं. एकाचं नाव 'नदीची गोष्ट', दुसऱ्याचं 'बिचारी बालके'. बिचारी कोणामुळे, हे मी सांगत नाही. घरात लहान मूल असेल तर अंदाज येईलच.

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. बोर्डीच्या वस्तीत तयार झालेला शब्द आता ज्यांना मराठी येत नाही तेही रोज वापरतात. अनुताईंनी कोसबाडचं काम पुढे चालवलं. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्याही गेल्या. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, म्हणून कोसबाड आता आपल्याच जिल्ह्यात येतं. तरी विरारमध्ये दहा जणांना विचारलं तर दोघांनाही नाव सांगता आलं नाही. मी विचारून पाहिलं.

सरकारी योजनेत पोषण आहार आला, लसीकरण आलं, वजनकाटा आला, रजिस्टरं तर ढिगाने आली. ते हवंच होतं. पण सेविकेवर इतकी कामं आहेत की मुलाने काय म्हटलं ते ऐकायला वेळ कुठून आणणार? दुसरीकडे आमच्या भागात गल्लोगल्ली इंग्रजी नर्सऱ्या आहेत. तिथे तीन वर्षांच्या मुलाला परक्या भाषेत पूर्ण वाक्य बोलायला लावतात. घाम यायला लागतो तो मुलाला.

आमच्या गल्लीतली अंगणवाडी चाळीतल्या एका खोलीत भरते. पुढे अंगण नाही, दोन फुटांचा पॅसेज आहे आणि त्यात चपला, पाण्याचे ड्रम आणि एक बंद पडलेली सायकल. परवा तिथून जाताना एक चिमुरडी दुसरीला सांगत होती की आत गरम होतंय, चल, अंगणात बसू. आणि दोघी येऊन ड्रमला टेकून पॅसेजमध्ये बसल्या.